हौशी मेटल डिटेक्टर: घेण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

ऑगस्टमध्ये गव्हाची कापणी उरकली की पूर्व इंग्लंडमधली शेतं मोकळी होतात आणि कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून चालणारी माणसं त्यांत दिसू लागतात. त्यांतला एक मी. इथल्या मराठी मंडळात हे कळल्यापासून ओळखीच्यांचे, आणि सुट्टीत गावी गेलो की पाहुण्यांचे प्रश्न सुरू होतात. बहुतेक वेळा दोनच: "किती खोल जातं?" आणि "सोनं दाखवतं का?" दोन्हींची उत्तरं खाली आहेत. ती ऐकून माणसं जरा हिरमुसतात, हे आधीच सांगून ठेवतो.

मशीन जमिनीतलं नेमकं काय ओळखतं?

सोनं नाही, चांदी नाही, तांबंही नाही. वीज वाहून नेणारं किंवा चुंबकाला दाद देणारं काहीतरी खाली आहे, एवढंच त्याला कळतं. कॉइलमधल्या, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीतल्या, एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडलेला असतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. वाटेत धातू लागला की त्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलमधल्या दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं. परत आलेला सिग्नल मूळ लहरीच्या किती मागे पडला आणि तो किती जोरकस आहे, यावरून मशीन अंदाज बांधतं. महागड्या मशीनमधली बाकी सगळी फीचर्स म्हणजे हा अंदाज सुधारण्याची खटपट.

या खटपटीला जुना इतिहास आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं उपकरण घेऊन पोचले. उपकरण ठीक होतं, पण अध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्यात लोखंडी तारा होत्या. सिग्नल सगळीकडूनच यायला लागला. गोळी काही सापडली नाही.

पडद्यावर आकडा येतो. कोणता आकडा म्हणजे सोनं?

असा आकडा नसतो. आकडा धातूच्या जातीचा नाही. वाहकता, आकार, जाडी आणि वस्तू जमिनीत कशी पडली आहे या सगळ्यांचा मिळून असतो. नाजूक अंगठी चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या आकड्यावर येते, जाडजूड अंगठी कोल्ड्रिंकच्या डब्याच्या कडीच्या आकड्यावर. कड्या आणि कागद खणायचे नाहीत असं ठरवलंत तर सोनंही तिथेच राहिलं म्हणून समजा. माझ्या पिशवीत दर रविवारी अशा कड्या मूठभर निघतात आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

शिवाय एका कंपनीचा आकडा दुसरीला लागू पडत नाही. मिनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० ची पट्टी उणे ९ पासून ४० पर्यंत आहे, गॅरेटच्या एटी प्रोची ० ते ९९. त्यामुळे "माझ्याला १३ आला, काय असेल?" असं विचारताना आधी मशीनचं नाव सांगा.

चांदी आणि तांबं मात्र बऱ्यापैकी वरच्या आकड्यांत, खणखणीत बोलतात. राणीछाप जुना रुपया, ९१.७ टक्के चांदीचा, ११.६६ ग्रॅम वजनाचा, कोणत्याही मशीनवर ओळखू येईल इतका स्वच्छ टोन देतो. उलट १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, म्हणून मशीन त्याला पुष्कळदा लोखंडात काढतं. लोखंड गाळायचं सेटिंग लावलं असेल तर आपलंच नाणं आपल्याला दिसत नाही.

सिंगल फ्रीक्वेन्सी आणि मल्टी फ्रीक्वेन्सी यांत खरंच फरक आहे का?

आहे, पण कुठे चालणार त्यावर. साधी मशीन्स एकाच वारंवारतेवर चालतात, म्हणजे त्यांतला प्रवाह सेकंदाला ठरावीक वेळाच दिशा बदलतो. गॅरेटचं जुनं लोकप्रिय एस २५० चालतं ६.५ किलोहर्ट्झवर, एस ४०० चालतं १० वर, नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस १२ वर, एटी प्रो १५ वर. ढोबळ नियम असा की खालची वारंवारता चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तूंना मानवते आणि वरची वारंवारता बारीक सोन्याला. म्हणून ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत सोन्याचे कण शोधणारी मशीन्स खूप वर असतात: मिनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर १००० आहे ४५ किलोहर्ट्झचं, फिशरचं गोल्ड बग २ तर ७१ चं.

मिनलॅबच्या एक्स-टेरा प्रोसारखी काही मशीन्स ५, ८, १० आणि १५ यांतली एक वारंवारता निवडू देतात. जाहिरातीत याला चलाखीने मल्टीसारखं भासवलं जातं, पण एका वेळी चालते ती एकच. खरी मल्टी म्हणजे एकाच वेळी अनेक वारंवारता पाठवून सगळ्यांची उत्तरं ताडून पाहणारी. व्हँक्विश, इक्विनॉक्स, मँटिकोर ही मिनलॅबची, लेजंड नोक्ताचं, डेअस २ फ्रान्सच्या एक्सपीचं, एपेक्स गॅरेटचं.

फरक कळतो तो समुद्रावर. ओली वाळू आणि खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतात. एका वारंवारतेचं मशीन भरतीच्या रेषेखाली गेलं की बडबडायला लागतं, मग ते गप्प व्हावं म्हणून सेन्सिटिव्हिटी उतरवायची आणि खोली गमवायची. मल्टीवालं मशीन एका वारंवारतेच्या उत्तरातून मिठाचा भाग ओळखून दुसरीतून वजा करतं. कोरड्या नांगरटीत फिरणार असाल तर सिंगलने काही अडत नाही. मी पहिली चार वर्षं सिंगलवरच काढली आणि माझी सगळ्यांत चांगली नाणी तेव्हाचीच आहेत.

पल्स इंडक्शन म्हणजे काय? ते जास्त खोल जातं ना?

सतत लहर न सोडता छोटे धक्के द्यायचे आणि धक्का थांबल्यावर धातूतला प्रवाह कसा विरतो ते ऐकायचं, ही त्याची रीत. मीठ आणि लोहयुक्त माती यांचा त्याला फारसा त्रास होत नाही आणि अशा जागी ते खोलही जातं. पण लोखंड आणि बाकी धातू यांतला भेद त्याला नीट कळत नाही. प्रत्येक खिळा खणायची तयारी असेल, किंवा जागा स्वच्छ असेल, तरच घ्या. पहिलं मशीन म्हणून नको.

किती खोल जातं?

सुट्या नाण्यासाठी चांगल्या मशीनवर २० ते २५ सेंटीमीटर, माती अनुकूल असेल तर थोडं जास्त. म्हणजे वीतभर. हंडा-घागरीएवढी वस्तू त्याहून बरीच खोल कळते.

याच्या पुढे कंपन्या का जात नाहीत, तर भौतिकशास्त्र जाऊ देत नाही. कॉइलपासून दूर जाताना क्षेत्र झपाट्याने घटतं, आणि धातूकडून परत येतानाही तितक्याच झपाट्याने. दोन्ही घटी गुणून लहान वस्तूसाठी हिशेब असा बसतो की कॉइलच्या मानाने लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं तर सिग्नल चौसष्टपट मरतो. म्हणून दुप्पट पैसे टाकून दुप्पट खोली मिळत नाही. मिळाली तर दोन-चार बोटं जास्त मिळते. महाग मशीनचे पैसे तुम्ही भरता ते कचऱ्यातून नाणं वेगळं काढण्यासाठी, खोलीसाठी नव्हे. हे वाक्य मी पाहुण्यांना दर दिवाळीला ऐकवतो.

मग "१० मीटर खोल, १ किलोमीटर लांब" सोनं दाखवणारी मशीन्स विकतात ती?

फसवणूक. हातात धरायच्या दोन दांड्या, वर फिरणारा अँटेना, धातू निवडायची बटणं, असं ज्याचं रूप असतं ते लाँग रेंज लोकेटर नावाचं प्रकरण पाणाड्याच्या काडीवर प्लॅस्टिक चढवून केलेलं आहे. याच जातीचं एडीई ६५१ नावाचं "बॉम्बशोधक" उपकरण एका ब्रिटिश माणसाने इराक सरकारला अफाट किमतीला विकलं. मूळ वस्तू गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचं म्हणून विकलं जाणारं स्वस्तातलं खेळणं होतं, आत कामाचं काहीही नव्हतं. २०१३ साली जेम्स मॅककॉर्मिकला त्यासाठी १० वर्षांची शिक्षा झाली. चौक्यांवर त्या दांडीवर विसंबून गाड्या सोडल्या जात होत्या, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

आपल्याकडे अशी मशीन्स गुप्तधनाच्या नावाने खपतात आणि बरोबर एखादा मांत्रिकही येतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या दुसऱ्या पाहुण्यासाठी आहे.

ग्राउंड बॅलन्स कशासाठी? आपल्याकडच्या मातीत लागतो का?

लागतो, आणि इंग्लंडपेक्षा जास्त लागतो. देशावरची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे कण. कोकणातला जांभा म्हणजे लोहाचाच दगड. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज आहे. अशा जमिनीला मशीन स्वतःच धातू समजतं. "ही जमीन, हिच्याकडे दुर्लक्ष कर" हे त्याला शिकवणं म्हणजे ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेल्या जागी कॉइल वरखाली हलवून ते करतात, हापशावर पाणी काढतो तशी.

स्वस्त मशीनमध्ये तो कारखान्यातच कायमचा ठरवलेला असतो, उदाहरणार्थ गॅरेटच्या एस मालिकेत. व्हँक्विशमध्येही हाताने बदलायची सोय नाही, पण ते मल्टी असल्याने बऱ्यापैकी निभावून नेतं. महाराष्ट्रात वापरायचं असेल तर मी हाताने किंवा बटणाने बॅलन्स करता येणारंच मशीन घेईन, मग बाकी दोन फीचर्स कमी पडली तरी चालतील. इथे चुनखडीच्या सौम्य शेतात उत्तम चालणारं मशीन जांभ्याच्या कातळावर अखंड कुरकुरू शकतं. त्यात त्याचा दोष नाही.

कॉइल मोठी घ्यावी की लहान? डीडी की कॉन्सेंट्रिक?

कॉन्सेंट्रिकमध्ये वेटोळी एकात एक गोल, डीडीमध्ये दोन इंग्रजी D एकमेकांवर थोडे चढवल्यासारखी. कॉन्सेंट्रिकचं क्षेत्र शंकूसारखं, खाली निमुळतं होत जाणारं. डीडीचं मधोमध एका पात्यासारखं उभं. लोहयुक्त मातीत डीडी शांत राहते, म्हणून आपल्यासाठी तीच. आकाराबाबत म्हणाल तर ११ इंची बहुतेक कामांना पुरते. मोठी कॉइल मोठ्या वस्तूंवर खोल जाते पण बारीक वस्तू हुकवते आणि एका वेळी चार खिळे पोटात घेते. ६ इंची कॉइल कचऱ्याच्या जागी सोन्यासारखी. डेअसच्या कॉइलमध्ये बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही असतात, त्यामुळे ती बिनतारी चालते आणि जादा कॉइल घेताना खिशाला चांगलीच झळ बसते.

पुळणीवर मंगळसूत्र, नथ, जोडवी हरवली तर सापडतील?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण याचं उत्तर किमतीवर नाही तर दागिन्याच्या घडणीवर आहे. भोवऱ्यांचे प्रवाह फिरायला अखंड वाट लागते. अखंड अंगठी म्हणजे त्यांना गोल रस्ता तयारच, म्हणून पातळ अंगठीही छान बोलते. पण जोडवी बहुधा मागून उघडी असतात, पायाच्या बोटाप्रमाणे दाबून घेता यावीत म्हणून. तिथे वाट तुटते आणि चांदी असूनही सिग्नल मंदावतो. घरी जोडवं आधी उघडं आणि मग दोन टोकं टेकवून कॉइलसमोर धरून बघा, फरक लगेच ऐकू येतो.

सोन्याची बारीक साखळी त्याहून अवघड. मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते, आणि कड्यांचा एकमेकींशी संपर्क तुटक. दहा ग्रॅमची साखळी कधी कधी एका ग्रॅमच्या डुलासारखी वागते. बऱ्याचदा सापडतो तो नुसता अडकवायचा फासा किंवा पदक. मंगळसूत्राचे काळे मणी मशीनला दिसतच नाहीत. आशा धरायची ती वाट्यांची. नथीत मोत्यांचा भाग जास्त आणि सोन्याची तार बारीक, तेव्हा वरच्या वारंवारतेचं किंवा मल्टी मशीन, लहान कॉइल, अगदी हळू हात, आणि भरती यायच्या आत.

शोधायची पद्धत मशीनइतकीच महत्त्वाची. जिथे पडलं असं वाटतं तिथे काठीने वाळूवर पट्टे आखा आणि एक पट्टा संपल्याशिवाय दुसऱ्यात जाऊ नका. कॉइलचा मागचा फटकारा आणि पुढचा फटकारा अर्ध्यावर एकमेकांवर यायला हवेत. घाबरलेली माणसं आधी हातांनी वाळू उकरतात. तेवढं मात्र त्यांना करू देऊ नका.

रिकव्हरी स्पीड काय असतो?

एका वस्तूचा आवाज संपवून दुसरीला कान द्यायला मशीनला लागणारा वेळ. गंजका खिळा आणि शेजारी चांदीचं नाणं असेल तर हळू मशीन फक्त खिळा ऐकवतं. डेअसने नाव कमावलं ते यावरच. जुन्या वस्त्यांच्या जागी हे फीचर खोलीपेक्षा कामाचं, मोकळ्या वाळूवर जवळजवळ निरुपयोगी.

वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणजे पाण्यात नेता येईल?

काय वॉटरप्रूफ आहे ते वाचा. व्हँक्विशची फक्त कॉइल पाण्यात चालते, पडदा-बटणांचा डबा नाही. एटी प्रो ३ मीटरपर्यंत, एक्स-टेरा प्रो आणि इक्विनॉक्स ९०० चालतात ५ पर्यंत, डेअस २ चालतं २० पर्यंत, आणि पाणबुड्यांसाठीचं एक्सकॅलिबर २ थेट ६० मीटर. गुडघाभर पाण्यात उभं राहणाऱ्याला ३ मीटर भरपूर झाले. लाट अंगावर येते हे धरून सांगतोय.

सरळ सांगा, कोणतं घेऊ?

सुट्टीत समुद्रावर जाणार, सेटिंगची कटकट नको: व्हँक्विश ४४० किंवा ५४०. शिकायचं आहे, पाण्यातही जायचं आहे, खर्च आवरायचा आहे: सिम्प्लेक्स किंवा एक्स-टेरा प्रो. हौस टिकणार याची खात्री पटली, दोन हंगाम झाले: लेजंड किंवा इक्विनॉक्स. खांदा दुखतो, दिवसभर चालायचं आहे: डेअस २, ते पाऊण किलोच्या आसपास आहे, बाकीची बहुतेक सव्वा किलोच्या वर. संध्याकाळी पाच वाजता हा अर्धा किलो फार मोठा होतो. मँटिकोर पहिलं मशीन म्हणून घेणाऱ्यांना मी परावृत्त करतो. ते इतकं सांगतं की नवख्याला त्यातलं काय ऐकायचं तेच कळत नाही.

आणि सगळे पैसे मशीनमध्ये घालू नका. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालायची गाजराएवढी छोटी कांडी, नसेल तर नाणं मातीच्या ढेकळात शोधायला दहा मिनिटं जातात. भक्कम खुरपं आणि साधे हेडफोन हवेत. जुनं मशीन घेत असाल तर त्यावरचा क्रमांक कंपनीकडून पडताळून घ्या. महागड्या मॉडेलच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत.

भारतात चालवलं तर कायदा काय म्हणतो?

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू त्यात येते, आणि किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कधी. दहा रुपयांची ती मर्यादा आजही तशीच आहे, त्यामुळे व्यवहारात जवळपास सगळंच आलं. चौकशीत कोणी मालक पुढे आला नाही आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल तर वाटणी तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर तिच्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. कळवलंच नाही तर एक वर्षापर्यंत कैद.

त्यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशात नेता येत नाही. गावी सापडलेलं नाणं आठवण म्हणून सामानात टाकून लंडनला आणायचा विचार कोणी करत असेल तर आत्ताच सोडा.

किल्ल्यावर शिवराई सापडते म्हणतात. नेऊ का मशीन?

नाही.

कारण हवं असेल तर दोन आहेत. संरक्षित स्मारकांवर परवानगीविना खणणं हा केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. दुसरं, तांब्याची एक शिवराई बाजारात मिळतेच. पण ती कुठल्या थरात, कोणत्या खापरांसोबत, कोणत्या भिंतीच्या पायाशी पडली होती हे एकदा उकरलं की कोणालाही परत मांडता येत नाही.

मग इंग्लंडमध्ये कसं चालतं?

आधी जमीनमालकाची परवानगी, शक्यतो लेखी, आणि निघालेल्या वस्तूची वाटणी आधीच ठरवून. संरक्षित स्थळी इथेही बंदी. १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू कोरोनर या सरकारी अधिकाऱ्याला १४ दिवसांत कळवायची. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या इतर धातूंच्या वस्तूही त्यात आल्या. संग्रहालयाने वस्तू घेतली तर बक्षीस शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि कडक आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींनी राष्ट्रीय उद्यानांत मशीन काढूच नये.

इथे सगळे नवख्यांना हॉक्स्नची गोष्ट सांगतात, तर मीही सांगतो. नोव्हेंबर १९९२, सफोक परगणा. एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातला खजिना लागला: सुमारे १५,००० नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. थोडी नाणी हाती येताच त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना ती लाकडी पेटी कशी रचून भरली होती हेही नोंदवता आलं. हातोडीही पुढे सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

मशीन आलं. पहिल्या दिवशी काय करू?

शेतात जाऊ नका. अंगणात एक रुपयाचं नाणं, पाच रुपयांचं पितळी नाणं, अंगठी, उघडं जोडवं, डब्याची कडी, चंदेरी कागदाची गोळी आणि खिळा हातभर अंतरावर मांडा आणि तासभर नुसतं ऐकत बसा, पडद्याकडे न बघता. मग तेच वीतभर मातीखाली पुरून ऐका. हे घरात करू नका, फरशीखालच्या स्लॅबमध्ये सळ्या असतात. आणि अंगठी पुरली ती जागा खडूने नाही, खुंटी मारून दाखवून ठेवा. खुंटी लाकडाची.